स्टेट मॅनेजमेंट: आधी पॅकेज ठरवायचं की आधी डेटा कुणाचा ते?

पाऊलवाट

नवीन अ‍ॅपचं काम आलं की पहिल्याच मीटिंगमध्ये वाद पेटतो. स्टेट, म्हणजे चालू असताना बदलत राहणारा डेटा, सांभाळायला कुठलं तयार पॅकेज घ्यायचं? फ्लटरला (मोबाइलचं फ्रेमवर्क) रिव्हरपॉड की ब्लॉक? वेबला रीडक्स की झुस्टँड? माझं स्पष्ट मत आहे की हा प्रश्न सुरुवातीला घ्यायचाच नाही. अ‍ॅपमधला कुठला डेटा कुणाच्या मालकीचा आहे ते आधी ठरवा. ते ठरलं की ग्लोबल स्टोअरमध्ये (सगळ्या स्क्रीनना सामायिक डेटाच्या जागेत) ठेवण्यासारखं फार थोडं उरतं.

उदाहरण सध्या हातात असलेल्या कामाचंच घेते. दूध संस्थेत फोनवर चालणारं संकलनाचं फ्लटर अ‍ॅप आणि तालुक्याच्या ऑफिसात रिअ‍ॅक्टमधला (वेबची लायब्ररी) डॅशबोर्ड. संस्थेत पहाटे रांग लागलेली असते. सभासद क्रमांक टाकायचा, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) भरायचं, दर लागतो, पावती छापून हातात द्यायची. रेंज असेलच असं नाही.

यातली सभासदांची यादी आणि दरपत्रक सर्व्हरचं आहे, फोनकडे फक्त त्याची प्रत. आज सकाळच्या न पाठवलेल्या नोंदी मात्र फोनच्याच, सर्व्हरने पोच देईपर्यंत. त्यांची जागा एसक्यूलाइटमध्ये (फोनवरचा छोटा डेटाबेस), मेमरीतल्या कुठल्याही स्टोअरमध्ये नाही. लिटरच्या चौकटीत टाइप होणारा आकडा त्या चौकटीपुरता, त्याला सेटस्टेट (फ्लटरची एका विजेटपुरती मूळ सोय) पुरतं. डॅशबोर्डवर निवडलेली तारीख आणि संस्था यूआरएलमध्ये हवी, म्हणजे साहेबांना व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवली की तेच पान उघडेल आणि बॅक बटणही नीट चालेल. उरलं काय? लॉगिन कुणाचं, भाषा कोणती, प्रिंटर जोडलेला आहे का. एवढ्यासाठी पॅकेजवर दोन मीटिंगा?

इतिहासही हेच सांगतो. २०१४ साली फेसबुकने फ्लक्स (डेटा एकाच दिशेने वाहवण्याची पद्धत) मांडलं तेव्हा उदाहरण दिलं होतं चॅटच्या न वाचलेल्या संदेशांच्या आकड्याचं. संदेश नसायचा, आकडा दिसायचा, दुरुस्त केला तरी परत यायचा. एकच माहिती तीन ठिकाणी वेगवेगळी बदलत होती, हा खरा रोग होता. पुढच्या वर्षी रीडक्स आलं आणि सगळ्यांनी रोग न तपासता औषध सुरू केलं. रीडक्सचा कर्ता डॅन अ‍ॅब्रामोव्ह यानेच २०१६ मध्ये लिहिलं की गरज पडण्याआधीच लोक रीडक्स घेतात.

रात्रपाळी

असहमत. मुद्दा पटण्यासारखा आहे, पण तो दोन-तीन जणांच्या टीमचा आहे.

आमच्याकडे एका अ‍ॅपवर वीसेक जण काम करतात आणि माणसं सतत बदलतात. तिथे "मालकी ठरवा" म्हटलं की प्रत्येक जण आपापल्या परीने ठरवतो. एका स्क्रीनवर सेटस्टेट, दुसरीकडे व्हॅल्यूनोटिफायर, तिसरीकडे स्ट्रीमकंट्रोलर, आणि तो बंद करायचा राहिलेला. ब्लॉकमध्ये इव्हेंट येतो, स्टेट बाहेर पडते, बास. नवा माणूस दुसऱ्या दिवशी कुठलाही मॉड्यूल उघडून वाचू शकतो. ब्लॉकऑब्झर्व्हर एकदा लावला की अ‍ॅपमधला प्रत्येक बदल एका जागी दिसतो. क्रॅश झाला तर आधीचे इव्हेंट रिपोर्टसोबत येतात. सेटस्टेटने विखुरलेल्या अ‍ॅपमध्ये हे कसं आणणार?

दुसरं असं, की एकाच वेळी दोन गोष्टी घडल्या तर काय, याचं उत्तर तुमच्या मांडणीत नाही. पहाटेच्या घाईत माणूस "जतन करा" दोनदा दाबतो. ब्लॉक डीफॉल्टने इव्हेंट समांतर चालवतो, म्हणून तिथे "ड्रॉपेबल" लिहायचं: पहिलं काम संपेपर्यंत दुसरा इव्हेंट टाकून दिला जातो. सभासद शोधायच्या चौकटीला "रीस्टार्टेबल": नवं अक्षर आलं की जुना शोध रद्द. नोंदी पाठवायला "सिक्वेन्शियल". एका शब्दात हेतू कळतो. हे हाताने लिहायला गेलात की फ्लॅगांचं जंगल होतं.

पाऊलवाट

रीस्टार्टेबलचा मुद्दा मान्य, ते हाताने नीट लिहिणं कठीणच आहे.

पण दोनदा दाबण्याचं उत्तर ड्रॉपेबल नाही. नोंद सर्व्हरला गेली, पोच यायच्या आत रेंज गेली, अ‍ॅपने पुन्हा पाठवली, तर दूध दोनदा जमा होणार. तिथे ब्लॉक काही करू शकत नाही. नोंद तयार होतानाच फोनवर एक यूयूआयडी (पुन्हा न येणारा ओळख क्रमांक) द्यायचा आणि सर्व्हरने तोच यूयूआयडी दुसऱ्यांदा स्वीकारायचा नाही. हे एकदा केलं की फोनवर कुठलं पॅकेज आहे याने फरक पडत नाही.

पंचगंगा

मी एकटा काम करतो. इकडे इचलकरंजी, जयसिंगपूर भागातली दुकानं, पतसंस्था, दूध संस्था हे माझे ग्राहक. मी गेटएक्स हे फ्लटरचं पॅकेज वापरतो आणि दर वेळी कुणीतरी मला ते कसं वाईट आहे ते शिकवतं.

गेटएक्समध्ये स्टेट, नेव्हिगेशन, डिपेंडन्सी, भाषांतर सगळं एका जागी मिळतं. व्हेरिएबलला ".ओबीएस" लावलं, विजेटला ओबीएक्समध्ये गुंडाळलं, झालं. ग्राहकाला पुढच्या महिन्याच्या एक तारखेला अ‍ॅप हवं असतं. तो पैसे देतो चालणाऱ्या अ‍ॅपचे, आर्किटेक्चरचे नाही. माझी अ‍ॅप रोज चालतात, पावत्या छापतात.

आणि मोठ्या कंपनीचं नाव म्हणजे टिकेलच असं समजू नका. २०२० मध्ये रिकॉइल (रिअ‍ॅक्टचं स्टेटचं पॅकेज) आलं तेव्हा फेसबुककडून आलंय म्हणून किती जणांनी घेतलं. २०२५ च्या सुरुवातीला ती रिपॉझिटरी (कोडचा साठा) अर्काइव्ह झाली, म्हणजे फक्त वाचण्यापुरती उरली.

चिंचबन

पंचगंगा, रिकॉइलचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. रिकॉइल फक्त स्टेटपुरतं होतं, तरी काढताना लोकांचा जीव गेला. गेटएक्समध्ये नेव्हिगेशनही त्याचं, स्नॅकबारही (स्क्रीनखालची सूचनेची पट्टी) त्याचा. उद्या फ्लटरची नवी आवृत्ती आली आणि पॅकेज मागे पडलं, तर अ‍ॅपचा एकेक स्क्रीन उघडून बदलावा लागेल. ग्राहकाच्या वतीने हा धोका तुम्ही पत्करताय, त्याला न सांगता.

गेटएक्स वापरायचंच असेल तर एक शिस्त पाळा: दर काढणं, नोंद तपासणं, पाठवणं हा सगळा कोड साध्या डार्ट (फ्लटरची भाषा) क्लासमध्ये ठेवा, ज्यात फ्लटरचं किंवा गेटएक्सचं एकही इंपोर्ट नाही. मग वरचं पॅकेज बदलता येतं आणि दर काढायच्या टेस्ट एमुलेटरशिवाय (संगणकावरच्या नकली फोनशिवाय) चालतात.

पंचगंगा

दर काढायचा कोड माझा आधीपासूनच वेगळ्या फाइलीत आहे, कारण प्रत्येक संस्थेचं दरपत्रक निराळं. गाय आणि म्हैस वेगळी, फॅटच्या प्रत्येक पॉइंटला वेगळा दर. नेव्हिगेशनचा मुद्दा मात्र विचार करण्यासारखा आहे.

वाघूर

वेबच्या बाजूने बोलतो. सर्व्हरच्या डेटाची प्रत स्टोअरमध्ये भरू नये, यात पाऊलवाट यांच्याशी पूर्ण सहमत. टॅनस्टॅक क्वेरी (सर्व्हरचा डेटा मागवून त्याची प्रत जपणारी लायब्ररी) आल्यापासून आमच्या स्टोअरमधले लोडिंग, एरर, यादी असले तुकडे गेले. पण ते डोळे झाकून लावू नका. तिथे स्टेलटाइम डीफॉल्टने शून्य असतो. म्हणजे डेटा आला की लगेच शिळा समजला जातो आणि माणूस दुसऱ्या टॅबवरून परतला की पुन्हा मागवला जातो. दरपत्रक दिवसातून एकदा बदलत असेल तर स्टेलटाइम तसा वाढवा, नाहीतर नेटवर्क टॅबमध्ये त्याच विनंत्यांची रांग दिसेल.

असहमती इथे आहे: "उरतं फार थोडं" हे प्रत्येक अ‍ॅपला लागू नाही. त्याच डॅशबोर्डवर दरपत्रक बनवायचा स्क्रीन घ्या. फॅट आणि एसएनएफचा मोठा तक्ता, एका चौकटीत बदल केला की पुढच्या बदलतात, चुकलं तर अनडू हवं, जतन करायच्या आधी जुन्या-नव्यातला फरक दाखवायचा. हा डेटा अजून सर्व्हरचा झालेला नाही आणि एका चौकटीपुरताही नाही. इथे रीड्यूसर (जुनी स्टेट आणि कृती घेऊन नवी स्टेट देणारं फंक्शन) शोभतो आणि रीडक्स टूलकिट (रीडक्सचा नंतरचा सोपा अवतार) मी आजही निःसंकोच घेईन. रीडक्सला शिव्या देणाऱ्यांपैकी बरेच जण २०१९ च्या आधीच्या रीडक्सला शिव्या देतात, जेव्हा एका बटणासाठी तीन फाइली उघडाव्या लागायच्या.

आणि कृपा करून "आम्हाला स्टोअर नको, आम्ही कॉन्टेक्स्ट वापरतो" म्हणू नका. कॉन्टेक्स्ट ही रिअ‍ॅक्टची सोय व्हॅल्यू खालच्या कंपोनंटपर्यंत पोचवते, सांभाळत नाही. एका प्रोव्हायडरमध्ये लॉगिन, भाषा आणि प्रिंटरची स्थिती एकत्र कोंबली की प्रिंटर तुटला तरी भाषा वाचणारा प्रत्येक कंपोनंट रीरेंडर होतो, म्हणजे नव्याने काढला जातो. झुस्टँडमध्ये सिलेक्टर देऊन हवा तेवढाच तुकडा ऐकता येतो.

अंधारकोठडी

मी नेटिव्ह अँड्रॉइडवाला. इतका वेळ वाचतोय, पण प्रोसेस डेथचं नाव कुणीच काढलं नाही.

दोन-तीन जीबी रॅमचा फोन. माणूस नव्या सभासदाचा फॉर्म भरतोय: नाव, बँक खातं, गायी-म्हशी किती. पासबुकाचा फोटो काढायला कॅमेरा उघडतो. कॅमेऱ्याला मेमरी लागते, सिस्टिम मागची तुमची प्रोसेस मारते. फोटो काढून तो परत येतो आणि फॉर्म कोरा. रिव्हरपॉड असो, ब्लॉक असो, गेटएक्स असो, सगळं मेमरीत होतं आणि मेमरी गेली. इकडे कॉटलिनमध्येही (अँड्रॉइडची भाषा) लोकांचा गैरसमज आहे की व्ह्यूमॉडेल (स्क्रीनचा डेटा धरणारा क्लास) वाचवेल. फोन आडवा केला तर वाचवतं, प्रोसेस मेली की व्ह्यूमॉडेलही जातं. त्यासाठी सेव्हडस्टेटहँडल (थोडा डेटा सिस्टिमकडे ठेवायची सोय) लागतो. त्यातही थोडकाच डेटा मावतो, कारण तो ज्या बाइंडर बफरमधून (प्रोसेसमधल्या देवाणघेवाणीची मेमरी) जातो तो अख्ख्या प्रोसेसला मिळून एक एमबी आहे. फोटो तिथे कोंबलात की अ‍ॅप पडलंच.

हे डेव्हलपरला दिसत नाही, कारण त्याच्या हातात बारा जीबीचा फोन असतो. तपासणी सोपी आहे. फॉर्म अर्धा भरा, होम बटण दाबा, एडीबी शेलमधून (संगणकावरून फोनला आज्ञा द्यायचं साधन) "एएम किल" आणि पॅकेजचं नाव द्या, मग रीसेंट्समधून अ‍ॅप परत उघडा. काय उरलं ते बघा. कुठलंही पॅकेज निवडण्याआधी ही तपासणी पास कशी करणार ते सांगा.

पाऊलवाट

हे फार महत्त्वाचं आहे आणि ते माझ्या यादीत घालते. अर्धा भरलेला फॉर्म हा "चौकटीपुरता" नाही. तो माणसाचा वेळ आहे. अशा फॉर्मला एसक्यूलाइटमध्ये मसुद्याचं टेबल द्यायचं आणि प्रत्येक पायरीला लिहायचं. ड्रिफ्ट (एसक्यूलाइटसाठीचं डार्ट पॅकेज) वापरलं तर टेबल बदललं की स्ट्रीममधून (बदलांचा सतत वाहणारा प्रवाह) स्क्रीनला कळतं. मग बघा, स्टेट मॅनेजमेंट म्हणून जे पॅकेज घेणार होतो त्याच्याकडे काम काय राहिलं? डेटाबेसचा स्ट्रीम ऐकून दाखवणं. म्हणूनच पॅकेजचा वाद शेवटी घ्या म्हणते.

रात्रपाळी

अंधारकोठडी यांचा मुद्दा बिनतोड. आम्ही हायड्रेटेड ब्लॉक वापरतो, स्टेट डिस्कवर जाते आणि परत येते. पण पुढच्या आवृत्तीत स्टेटचा आकार बदलला की जुनं जेसन (डेटा मजकुरात साठवायचा साचा) वाचताना सांभाळावं लागतं. तुमच्या टेबलालाही मायग्रेशन (जुना डेटा नव्या रचनेत नेणं) लागेलच, ते सुटत नाही.

तरी पॅकेजचं काम फक्त "स्ट्रीम दाखवणं" राहतं हे मी मानत नाही. नोंद पाठवण्याकडे बघा: थांबलेली, पाठवली जात असलेली, स्वीकारलेली, नाकारलेली. नाकारली तर कारण हवं, पाठवली जात असेल तर दुरुस्तीचं बटण बंद हवं. हे तीन बूलियननी (हो किंवा नाही एवढंच सांगणाऱ्या व्हेरिएबलनी) लिहिलं तर आठ शक्यता होतात, त्यातल्या निम्म्या अर्थहीन. पाठवतही आहे आणि नाकारलेलीही आहे, असं कसं? मे २०२३ मध्ये डार्ट ३ आलं तेव्हापासून सील्ड क्लास (ज्याचे उपप्रकार कंपायलरला आधीच पूर्ण माहीत असतात) आहेत. चार अवस्थांचे चार क्लास करा, स्विचमध्ये एक विसरलात तर कंपायलर अडवतो. ब्लॉक माणसाला याच पद्धतीने विचार करायला लावतो. डेटाबेस डेटा टिकवतो, पण कुठून कुठे जाता येतं ते सांगत नाही.

चिंचबन

सील्ड क्लास भाषेचे आहेत, ब्लॉकचे नाहीत. रिव्हरपॉडमध्येही चालतात, फ्लटरच्या साध्या चेंजनोटिफायरमध्येही.

रात्रपाळी

हो, पण चेंजनोटिफायर वापरणाऱ्या किती टीम ते खरोखर लिहितात? साधन सवय लावतं. वीस जणांच्या टीममध्ये मी सवयीवर विश्वास ठेवीन, प्रत्येकाच्या समजुतीवर नाही. यावर आपलं जमणार नाही.

वाघूर

पाऊलवाट, एक प्रश्न. नोंदीत रक्कम साठवता की लिटर आणि दरावरून दर वेळी काढता? जे दुसऱ्या डेटावरून काढता येतं ते साठवू नये, हा आमच्याकडचा पहिला नियम. साठवलं की कधीतरी दोन्हींचा मेळ बसत नाही.

पाऊलवाट

सध्या काढतो. नोंदीत लिटर, फॅट, एसएनएफ आहे, दर दरपत्रकातून लागतो.

पंचगंगा

हे लगेच बदला. पहाटे रेंज नव्हती, फोनवर कालचं दरपत्रक होतं, त्यावर पावती छापली. दुपारी सिंक झालं, नवं दरपत्रक आलं, अ‍ॅपने त्याच नोंदीची रक्कम नव्याने काढली. शेतकऱ्याच्या खिशातली पावती एक सांगते, स्क्रीन दुसरं. संस्थेच्या दारात भांडण, आणि शेतकऱ्याचंच बरोबर. पावती छापली त्या क्षणी लागू झालेला दर, रक्कम आणि दरपत्रकाचा क्रमांक नोंदीत गोठवायचा. नंतर दर सुधारला तर फरक दहा दिवसांच्या बिलात वेगळ्या ओळीत दाखवतात, जुन्या नोंदीला कुणी हात लावत नाही. पुस्तकातला नियम स्क्रीनवरच्या बेरजेला ठीक आहे, कागदावर दिलेल्या शब्दाला नाही.

वाघूर

पटलं. म्हणजे छापल्यानंतर रक्कम हा काढलेला डेटा राहतच नाही, ती घडलेली घटना होते.

पाऊलवाट

आभार, पंचगंगा. नोंदीच्या टेबलात तीन कॉलम वाढवते आणि छापलेल्या ओळीवर अपडेट बंद करते. दुरुस्ती असेल तर नवी ओळ, जुनीचा यूयूआयडी सोबत ठेवून. रात्रपाळी, पाठवण्याच्या चार अवस्थांना सील्ड क्लास लावणार आहे. ब्लॉक मात्र अजून नाही.