लस लागू पडत नाही, त्यांनी एकट्यानेच सांभाळायचे का?

शिवडीची रहिवासी (चर्चाप्रस्ताव)

माझ्या पतींचे मूत्रपिंड प्रत्यारोपण २०१९ मध्ये झाले. तेव्हापासून सकाळी नऊ आणि रात्री नऊ या आमच्या घरी टॅक्रोलिमसच्या वेळा आहेत. जोडीला मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन. शरीराने नव्या मूत्रपिंडावर हल्ला करू नये म्हणून ही औषधे जन्मभर घ्यावी लागतात, पण लस टोचल्यावर शरीराने जी प्रतिपिंडे (अँटीबॉडी) तयार करायची, तीही याच औषधांमुळे नीट तयार होत नाहीत. २०२१ मध्ये कोविडच्या लसीच्या दोन्ही मात्रा घेतल्यावर आम्ही तपासणी केली, तर प्रतिपिंडे आढळली नाहीत. तो अहवाल हातात घेऊन हे बराच वेळ खिडकीशी उभे राहिले आणि मग एवढेच म्हणाले, "शेजारी कोणाला सांगू नकोस." त्याच वर्षी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी प्रत्यारोपण झालेल्या ६५८ जणांची पाहणी प्रसिद्ध केली, त्यांपैकी ४६ टक्के जणांमध्ये दोन मात्रांनंतरही प्रतिपिंडे सापडली नव्हती.

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला, महाराष्ट्रात मास्क ऐच्छिक झाला. लोकलमध्ये किंवा बाजारात तो पुन्हा सक्तीचा करा, असे मी म्हणत नाही. परंतु रुग्णालयाच्या ओपीडीत तो सर्वांना बारमाही सक्तीचा असावा, असे माझे ठाम मत आहे, कारण बाजार टाळता येतो, दर महिन्याची तपासणी टाळता येत नाही.

कल्याणचा प्रवासी

ताई, माझेही प्रत्यारोपण २०१६ मध्ये झाले आहे, तरीही मी आपल्याशी सहमत नाही. मी स्वतः एन-९५ मास्क नाकावर घट्ट बसवून रोज लोकलने कामावर जातो. कार्यालयात एकदा आजार सांगितला, तर दुसऱ्या आठवड्यात माझे टेबल कोपऱ्यात हलवले आणि डबा खायला मला कोणी बोलावेनासे झाले. "आमच्यासाठी तुम्ही सगळे बदला" अशी मागणी आपण जितक्या मोठ्याने करू, तितके लोक आपल्याला लांब ठेवतील, अशी मला भीती वाटते. ज्याची प्रतिकारशक्ती कमी, त्याने आपली काळजी स्वतः घ्यावी आणि उरलेले आयुष्य चारचौघांसारखे जगावे.

गोवंडीची आई

दादा, आपण मोठे आहात म्हणून हे शक्य झाले. माझ्या मुलीला रक्ताच्या कर्करोगासाठी केमोथेरपी सुरू होती, तेव्हा ती तीन वर्षांची होती. गोवराची लस जिवंत, क्षीण केलेल्या विषाणूची असते, त्यामुळे केमोथेरपी चालू असताना ती देताच येत नाही. २०२२ च्या अखेरीस आमच्या गोवंडीत गोवराची साथ आली. गोवराचा रुग्ण निघून गेल्यावरही विषाणू त्या खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो. अशा वेळी तीन वर्षांच्या मुलीने स्वतःची काळजी घ्यायची म्हणजे नेमके काय करायचे? गोवर रोखायला सुमारे ९५ टक्के मुलांना दोन मात्रा मिळाव्या लागतात. ती शेजारची मुले हीच तिची लस होती.

निवृत्त परिचारिका, परळ

शीर्षकाबाबत एक दुरुस्ती आवश्यक वाटते, कारण ते वाचून कोणी लस घेणेच सोडून देईल. प्रतिपिंडे दिसली नाहीत म्हणजे लस पूर्ण वाया गेली असे नसते. पेशींची प्रतिकारशक्ती या तपासणीत दिसत नाही, आणि तिसऱ्या मात्रेनंतर काहींमध्ये प्रतिपिंडे तयार झाल्याचेही आढळले आहे. फ्लूची निष्क्रिय लस अशा रुग्णांनी दरवर्षी घ्यावी, घरातल्यांनीही घ्यावी, आणि रिटुक्सिमॅबसारखे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध सुरू होणार असेल तर शक्यतो त्याआधी लसी उरकाव्यात. वेळापत्रक मात्र आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.

दादरची शिक्षिका

मला ऐकू फार कमी येते, मी ओठ वाचून संवाद साधते. मास्क सक्तीचा होता त्या काळात एका रुग्णालयात माझे नाव दोनदा पुकारले गेले, मला कळले नाही आणि माझा क्रमांक गेला. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला मी हात जोडून विनंती केली, तरी त्याने मास्क खाली केला नाही. तो नियमाने वागला, हे मला मान्य आहे. पण शिवडीच्या ताईंना जशी ओपीडी टाळता येत नाही, तशी ती मलाही टाळता येत नाही.

शिवडीची रहिवासी

शिक्षिकाबाई, आपला विचार माझ्या मनात आलाच नव्हता, आणि तो यायला हवा होता. "सर्वांना सक्ती" हे शब्द मी मागे घेते. तपासणीसाठी आम्ही ज्या प्रतीक्षागृहात बसतो, तिथल्या काचा वातानुकूलनासाठी कायमच्या बंद केल्या आहेत आणि खोकणारे, न खोकणारे एकाच बाकावर बसतात. हवा खेळती ठेवा, ताप-खोकल्याच्या रुग्णांना दारातच मास्क देऊन वेगळे बसवा, नावाऐवजी क्रमांक फलकावर दाखवा आणि चौकशीच्या खिडकीवर पारदर्शक काच बसवा, असे पत्र मी रुग्णालयाला लिहीत आहे.

दादरची शिक्षिका

काचेमागून ओठ दिसतील. माझी सही घ्या.

कल्याणचा प्रवासी

हवा खेळती ठेवण्याच्या मागणीवर माझीही सही घ्या. वेगळे बसवण्याच्या मागणीवर मात्र मी सही करणार नाही. कोपऱ्यातल्या टेबलावर मी अजूनही बसतो आहे.