सोसायटी ग्रुप (सर्व विंग), सातारा : मंगळवार, आजींच्या पाटल्या

११:०६ वैशाली सी-२०४
सगळ्यांनी वाचा. आज सकाळी पावणेआठला आई (सासूबाई) दत्ताच्या देवळातून येताना गेटपासून शंभर पावलांवर, इस्त्रीवाल्याच्या टपरीपाशी, दोघांनी अडवलं. "आम्ही पोलीस आहोत, काल रात्री इथं एका बाईला चाकू दाखवून लुटलंय, तपासणी चालू आहे, एवढं सोनं घालून कशाला फिरता" असं म्हणून पाटल्या आणि मोहनमाळ काढायला लावली. कागदात पुडी करून स्वतःच्या हातानं पिशवीत ठेवली. घरी येऊन उघडली तर प्लास्टिकच्या दोन बांगड्या आणि खडी. साडेपाच तोळे गेले. गेटच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग आत्ता हवंय. कुणाकडे आहे?

११:०७ रोहिणी सी-१०१
अरे देवा 🙏🙏

११:०८ सचिन ए-१०४
आजींना काही लागलं बिगलं नाही ना?

११:०८ वैशाली सी-२०४
नाही. पण बोलत नाहीत.

११:११ शिंदे सर डी-१०२
सर्व सभासदांस नम्र विनंती. सोसायटीतील भाडेकरूंची पोलीस ठाण्यात नोंद झाली आहे काय? झाली असल्यास यादी ग्रुपवर टाकावी. हा मुद्दा मी वार्षिक सभेतही मांडला होता.

११:१२ वैशाली सी-२०४
सर, माणसं बाहेरची होती. रेकॉर्डिंग कुणाकडे आहे?

११:१५ जाधव चेअरमन
वहिनी, झाला प्रकार अत्यंत दुर्दैवी आहे. कॅमेरा चालू आहे. रेकॉर्डिंग मात्र गणपतीपासून बंद आहे. डीव्हीआरची हार्डडिस्क गेली आहे. कोटेशन खजिनदारांकडे पडून आहे.

११:१७ निकम खजिनदार
पडून नाही. तीन कोटेशन आल्याशिवाय खर्च करायचा नाही, हा ठराव कुणाचा होता ते इतिवृत्तात आहे. दोन मी आणली. तिसरं चेअरमन साहेबांच्या ओळखीचा माणूस देणार होता. दसरा झाला, दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं.

११:१८ सचिन ए-१०४
थोडक्यात, कॅमेरा बघतो पण लक्षात ठेवत नाही. आमच्या घरी मलाही हेच ऐकवतात.

११:१८ जाधव चेअरमन
सचिन, प्रसंग काय, बोलतोस काय.

११:१९ सचिन ए-१०४
सॉरी. वैशाली वहिनी, खरंच सॉरी.

११:२१ आबा बी-००२
११२ ला फोन केला का? किती वाजता?

११:२२ वैशाली सी-२०४
आत्ता केला आबा, अकराला. मलाच पावणेअकराला कळलं. आई आल्यापासून देवघरात बसून होत्या. मला वाटलं जप चाललाय.

११:२४ निकम खजिनदार
तीन तास! तीन तासांत चोर खंबाटकी उतरून पुण्यात पोचला असेल. आजींनी लगेच सांगायला हवं होतं. शिवाय एवढं सोनं घालून सकाळी एकटीनं बाहेर जायचं म्हणजे...

११:२५ वैशाली सी-२०४
निकम साहेब, त्या चोरानंही हेच वाक्य म्हटलं होतं.

११:३१ रोहिणी सी-१०१
*फॉरवर्ड* सावधान! सीबीआयमधून बोलतोय म्हणून व्हिडिओ कॉल येतो आणि तुम्हाला डिजिटल अरेस्ट केली जाते. हा मेसेज किमान २० लोकांना पाठवा.

११:३३ अॅड. मेघा बी-४०२
रोहिणी, विषय तोतया पोलिसांचाच आहे म्हणून एवढंच सांगते. डिजिटल अरेस्ट असला प्रकार कायद्यात कुठंही नाही. तसा फोन आला तर ठेवून द्यायचा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, कळवायचं, जितक्या लवकर तितकं बरं. वीस लोकांना पाठवायची गरज नाही.

११:३५ आबा बी-००२
वैशाली, आजींना विचार, तिसरा माणूस होता का? चालत आलेला. साधासुधा, आपल्यातलाच वाटणारा.

११:४१ वैशाली सी-२०४
होता! आबा, तुम्हाला कसं कळलं? आई म्हणतात, एका माणसाला आधी थांबवलं होतं. त्यानं मुकाट्यानं गळ्यातली चेन काढली, त्यांनी पुडी करून दिली, तो "थँक्यू साहेब" म्हणून गेला. ते बघून यांनी काढल्या.

११:४६ आबा बी-००२
तो त्यांचाच. ३४ वर्षं खात्यात काढली, तेव्हापासून हीच तऱ्हा. एक दुचाकी पुढं, एक मागं, एक जण पायी. पायी माणूस आधी लुटून घेतल्याचं सोंग करतो. म्हातारं माणूस सोनं चोराला देत नाही, पोलिसाला देतं. पुडी हातातल्या हातात बदलतात. वर्दी नसते, आवाज असतो. बूट तपकिरी, केस बारीक, बोलणं दरडावून पण "आई" म्हणून. नंबरप्लेट खोटी नाहीतर चिखल फासलेली. एका सकाळी दोन-तीन ठिकाणी हात मारतात नि हायवेला लागतात. आनेवाडी नि तासवडे, दोन्ही नाक्यांवर कॅमेरे आहेत, पण दुचाकीला टोल नाही, ती कडेनं सटकते.

११:४८ शिंदे सर डी-१०२
माहिती उत्तम. तथापि मूळ प्रश्न राहतो. सोसायटीतील भाडेकरूंची पोलीस ठाण्यात नोंद झाली आहे काय? यादी ग्रुपवर टाकावी.

११:५० ओंकार डी-३०३
सर, मी भाडेकरू आहे. आम्ही तिघंही. जूनमध्येच पोलिसांच्या पोर्टलवर फॉर्म भरलाय, मालकांकडे प्रिंट आहे, हवी तर इथे टाकतो.

११:५१ शिंदे सर डी-१०२
व्यक्तिशः कोणाला उद्देशून नव्हते.

११:५१ ओंकार डी-३०३
हो सर. तुमच्या डी-१०३ मधल्यांची झाली का?

११:५८ शिंदे सर डी-१०२
ते आमचे आप्त आहेत.

११:५८ सचिन ए-१०४
आप्त भाडं रोख देतात की ऑनलाइन?

११:५९ जाधव चेअरमन
विषयांतर नको. सर ज्येष्ठ आहेत.

१२:०२ ओंकार डी-३०३
एक सांगायचं होतं. इस्त्रीवाल्यासमोरच्या पिवळ्या बंगल्याचा कॅमेरा रस्त्याकडे तोंड करून आहे. मी खाली जाऊन बघून आलो. बंगल्यातले काका घरी आहेत, दाखवतो म्हणाले.

१२:०४ आबा बी-००२
शाबास. पण तू मोबाईलवर घेऊन ग्रुपवर टाकू नको. पोलीस येतील तेव्हा त्यांना थेट तिथं ने, काय न्यायचं ते रीतसर नेतील. काकांना एवढंच सांग, आजचं काही पुसलं जाऊ देऊ नका.

१२:०५ वैशाली सी-२०४
थँक्यू ओंकार. आबा, आईंना ठाण्यात न्यावं लागेल का? त्या नको म्हणतात. "माझी अक्कल चार लोकांत काढतील" म्हणाल्या.

१२:०९ अॅड. मेघा बी-४०२
जबाबासाठी त्यांना ठाण्यात बोलावता येत नाही. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७९ आहे. स्त्रीला आणि साठीच्या पुढच्या माणसाला जबाबासाठी राहत्या घराबाहेर यायची सक्ती नाही. पोलिसांनी घरी यायचं. फिर्याद तू दे. कलम १७३ प्रमाणे ती कुठल्याही ठाण्यात नोंदवून घ्यावी लागते, आमची हद्द नाही म्हणून परत पाठवता येत नाही. प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नकोस. आणि फसवणुकीबरोबर तोतयेगिरीचं कलमही लावायला सांग, न्याय संहितेत २०४. नुसत्या अर्जावर पोच घेऊन यायचं नाही.

१२:११ आबा बी-००२
ताई बरोबर बोलतात. अर्ज आणि गुन्हा यात जमीन-अस्मानाचा फरक. वैशाली, सोनाराच्या पावत्या काढून ठेव. मुद्देमाल सापडला तर कोर्टातून सोडवताना ओळख पटवावी लागते.

१२:१४ वैशाली सी-२०४
पावत्या कुठल्या आबा. पाटल्या लग्नातल्या, १९६८ च्या. ७२ च्या दुष्काळात दहिवडीला घरातली तांब्याची भांडी मोडली, पण पाटल्या मोडल्या नाहीत, हे आम्ही दर पाडव्याला ऐकतो.

१२:१५ आबा बी-००२
मग फोटो. बारशाचे, मुंजीचे, हात दिसतील असे.

१२:२० निकम खजिनदार
माझी सूचना : रात्री गस्त सुरू करावी. प्रत्येक विंगमधून दोघे, रात्री ११ ते ४. इच्छुकांनी खाली नाव लिहावे.
१.
२.

१२:२१ सचिन ए-१०४
चोर पावणेआठला आला होता साहेब. उजेडात.

१२:२२ निकम खजिनदार
सूचना करणाऱ्याचीच खिल्ली उडवायची ही इथली पद्धत झाली आहे. नाव लिहितोस का तेवढं सांग.

१२:२२ सचिन ए-१०४
माझी मान धरली आहे हो.

१२:२६ जाधव चेअरमन
सर्वांना आठवण करून देतो. २ जानेवारीला पोलीस रेझिंग डे असतो, त्या सप्ताहात बीटचे हवालदार आपल्या हॉलमध्ये येऊन याच विषयावर तासभर बोलले होते. ६४ फ्लॅटमधून ११ माणसं आली. कांदी पेढे मी स्वतःच्या खिशातून आणले होते.

१२:२७ निकम खजिनदार
त्याचं बिल मार्चमध्ये लावलंय साहेब. व्हाउचर माझ्याकडे आहे.

१२:२८ जाधव चेअरमन
ते हारतुऱ्याचं.

१२:३५ वैशाली सी-२०४
त्या अकरांत आई होत्या. पहिल्या रांगेत. आत्ता त्यांना विचारलं, अहो तेव्हा ऐकलं होतंत ना सगळं? त्या म्हणाल्या, "ऐकलं म्हणून तर दिल्या. हवालदार म्हणाले होते, पोलिसांना सहकार्य करा."

१२:३६ रोहिणी सी-१०१
😔

१२:५२ लीला काकू ए-४०१
वैशाली, वाचत होते सकाळपासून. लिहू की नको करत होते. माझ्या बाबतीत गेल्या वर्षी संक्रांतीच्या आधी हेच झालं. पोवई नाक्यावर, बँकेतून चालत येताना. तोच पुढं थांबवलेला माणूस, तीच पुडी. चार बांगड्या गेल्या. घरी सांगितलं लॉकरमध्ये ठेवल्यात. ह्यांना अजून माहीत नाही. ते या ग्रुपवर नाहीत म्हणून लिहिते आहे. त्या दिवशी मीही देवघरातच बसले होते.

१२:५८ शिंदे सर डी-१०२
सर्व सभासदांस नम्र विनंती. सोसायटीतील भाडेकरूंची पोलीस ठाण्यात नोंद झाली आहे काय?

१२:५८ शिंदे सर डी-१०२
क्षमस्व. चुकून परत गेले.

१:०१ सचिन ए-१०४
काकू, संक्रांतीला मी तुमच्याकडे तिळगूळ घ्यायला आलो होतो. काहीच बोलला नाहीत हो.

१:०३ लीला काकू ए-४०१
काय बोलणार? शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं आणि रस्त्यावर बांगड्या काढून दिल्या, असं?

१:०७ अॅड. मेघा बी-४०२
काकू, अजूनही फिर्याद देता येते. उशीर का झाला ते लिहायचं, बस. मी बसून लिहून देईन.

१:१२ आबा बी-००२
द्याच ताई. एक तक्रार असली की नुसती घटना असते, दोन सारख्या असल्या की टोळी दिसते. फोटो ओळखायला दोन साक्षीदार होतात. तुम्ही तेव्हा आला असता तर... जाऊ दे, ते वाक्य पुरं करत नाही. ठाण्यात आम्ही हेच करायचो. म्हातारी बाई रडत यायची आणि समोर बसलेला पहिला प्रश्न टाकायचा, "कशाला घातलं होतं एवढं?" मीही विचारलाय. मग पुढची बाई येतच नाही, आणि आम्ही म्हणायचो, हद्दीत गुन्हे कमी झाले.

१:१४ निकम खजिनदार
मी सकाळी जे लिहिलं ते काळजीपोटी होतं. वैशाली वहिनी, आजींना सांगा.

१:१५ वैशाली सी-२०४
सांगते.

१:२० जाधव चेअरमन
हार्डडिस्क आज संध्याकाळी बसवून घेतो. माझ्या अधिकारात. तिसरं कोटेशन मागाहून.

१:२१ निकम खजिनदार
अधिकाराची मर्यादा ५,००० आहे. फक्त माहितीसाठी.

३:४० वैशाली सी-२०४
पोलीस घरी येऊन गेले. एक हवालदार आणि एक महिला पोलीस. ओंकारनं बंगल्यावर नेलं, फुटेजमध्ये दुचाकी दिसते आहे, नंबर नीट दिसत नाही. फिर्यादीवर सही करायला मी पाचला ठाण्यात जाते, मेघाताई बरोबर आहेत. पत्ता सापडेलच असं काही म्हणाले नाहीत, पण नीट बोलले.

३:४१ सचिन ए-१०४
आजी बोलल्या का?

३:४४ वैशाली सी-२०४
दारातच बोलल्या. "आधी ओळखपत्र." दोघांची घेतली, चष्मा लावून पुढून-मागून वाचली, हवालदारांच्या तोंडाकडे बघून फोटो जुळवला. मग म्हणाल्या, या आत. महिला पोलीस हसू दाबत होती. जबाब पाऊण तास चालला.

३:४५ आबा बी-००२
असं पाहिजे. खरा पोलीस ओळखपत्राला रागावत नाही. रागावला तर दार लावून ११२ फिरवायचा.

३:५२ शिंदे सर डी-१०२
डी-१०३ चा फॉर्म ऑनलाइन भरतो आहे. फोटो अपलोड होत नाही. आकार जास्त दाखवतो. कोणी मदत करेल काय?

३:५३ ओंकार डी-३०३
येतो सर.

४:०५ लीला काकू ए-४०१
ओंकार, सरांचं झालं की मला सांग, दुपारचा माझा मेसेज सगळ्यांच्या फोनमधून काढून टाकता येतो का?

४:०७ ओंकार डी-३०३
हो काकू. त्यावर बोट दाबून धरायचं, वर कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह येतं, मग सगळ्यांसाठी डिलीट. येऊ का करून द्यायला?

४:१६ लीला काकू ए-४०१
नको. राहू दे. वैशाली, तू ठाण्यात जाशील तेव्हा मी आजींपाशी येऊन बसते. चहा मी करीन, तुझं साखरेचं प्रमाण मला माहीत आहे.