डोकं खाली केलं की तीन मीटरवर उजवा कान अडतो

विहिरीतला_बेडूक (इस्लामपूर)
फ्रीडायव्हिंगच्या (सिलिंडरशिवाय, श्वास रोखून खोल बुडी) कोर्सआधी मळ्यातल्या विहिरीत सराव चालू आहे. पाणी साधारण ४० फूट. सोल धरून, पाय खाली ठेवून उतरलो तर ५ मीटरपर्यंत दोन्ही कान सुटतात, म्हणजे आतला-बाहेरचा दाब सारखा होतो. सूर मारून गेलो की ३ मीटरवर उजवा गच्च, नाक दाबून कितीही फुंकलं तरी हलत नाही. जमिनीवर लगेच ‘टक्’ होतो. सर्दी नाही. पोहण्याचा साधा गॉगल वापरतो.

संगमघाट
आधी गॉगल ठेवून द्या. त्यात नाक नसतं, म्हणून आतला दाब भरून काढता येत नाही आणि डोळ्यांतल्या बारीक शिरा फुटतात. नाक झाकणारा, कमी हवेचा मास्क घ्या. नाकपुड्या बाहेरून चिमटीत आल्या पाहिजेत.

तुम्ही करताय ते व्हाल्साल्व्हा, म्हणजे छाती-पोटाचा जोर. उलटं झालं की छाती वर आणि कान खाली. हवा छातीकडेच पळते. इथं फ्रेन्झेल लागतं, म्हणजे घसा बंद करून जिभेनं हवा कानाकडे ढकलणं. दुसऱ्या महायुद्धात सूर मारून बॉम्ब टाकणाऱ्या जर्मन वैमानिकांना हेच शिकवत.

खात्री करायची तर पूर्ण श्वास सोडा, नाक दाबा, कान सोडवून बघा. नाही सुटला किंवा पोटावरचा हात हलला, तर व्हाल्साल्व्हा.

सराव आरशासमोर. जड पोतं उचलताना घसा आतून बंद होतो ना, तसा बंद करा. जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकवून, नाक दाबून ‘क’ म्हणायच्या बेतात जिभेचा मागचा भाग वर-मागे रेटा. नाकपुड्या चिमटीत फुगल्या की जमलं. गाल फुगले तर हवा तिथंच वाया गेली. काहीच फुगलं नाही तर मऊ टाळूनं नाकाची वाट बंद केलीय. तोंड उघडं ठेवून आलटून पालटून नाकानं आणि तोंडानं श्वास घ्या, टाळू कुठं हलतो ते कळतं. रोज दहा मिनिटं पुष्कळ.

वाईकर
वरचं बरोबर, पण ३ मीटरवर अडलेला कान खरं तर पहिल्या मीटरलाच चुकलेला असतो. दाबाचा फरक साधारण सव्वा मीटर पाण्याइतका झाला की कानातून घशाकडे येणाऱ्या नळीचं तोंड चिकटतं. मग जोर लावून पडदा किंवा आतला कान दुखावून घ्याल. सूर मारण्याआधी वरच एकदा सोडवा, मग दर अर्ध्या-पाऊण मीटरला, दुखायच्या आत. १० मीटरपर्यंत हवा निम्म्यावर येते, सगळी घाई याच टप्प्यात.

आणि तळाकडे बघू नका! मान मागे ताणली की नळी आवळते. हनुवटी आत, नजर समोरच्या सोलावर. अडला तर मीटरभर वर या, डोकं वर करून एकदा प्रयत्न करा. नाहीच सुटला तर त्या दिवशी बास.

विहिरीतला_बेडूक
श्वास सोडून बघितलं, टक् नाही. व्हाल्साल्व्हाच. सर्दी असताना नाकाचा स्प्रे मारून उतरलं तर चालेल का?

संगमघाट
नाही. उतरताना जमेल, पण मध्येच असर संपला तर वर येताना हवा कानात अडकते, आणि तिथं थांबायला श्वास नसतो. इयरप्लगही नको. जलनेती चालते, उकळून गार केलेल्या पाण्याची. लगेच बुडी नको. चक्कर, कानातून रक्त किंवा ऐकू कमी आलं तर थेट कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे.

वाईकर
जोडीदार पायरीवर नाही, पाण्यात हवा. बुडीआधी भराभर श्वास घेऊ नका. मोटरला ऑटो असेल तर फ्यूज काढून खिशात ठेवा. लाइट आली की ती आपोआप चालू होते.