मदत हवी आहे: मॉरिशसच्या 'बेस्ट लूजर' जागांचं गणित कसं सोडवतात?

नमस्कार मंडळी,

मी रत्नागिरी जिल्ह्यात अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवते. निवडणूक पद्धती शिकवताना आपलं एका मतदारसंघातून एकच आमदार निवडण्याचं उदाहरण मुलांना पाठच असतं, म्हणून यंदा मॉरिशस घ्यायचं ठरवलं. एकोणिसाव्या शतकात आपल्याच भागातली माणसं करारावर तिथल्या उसाच्या मळ्यांत मजूर म्हणून गेली. त्यांचे वंशज आजही तिथे शाळेत मराठी शिकतात आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. एवढं सांगितलं तरी वर्ग सावरून बसतो.

मला जेवढं नीट समजलंय ते आधी लिहिते, चुकलं असेल तर दुरुस्त करा. 12 मार्च 1968 ला देश स्वतंत्र झाला, 12 मार्च 1992 ला प्रजासत्ताक झाला. संसदेला एकच सभागृह आहे, नॅशनल असेंब्ली. राष्ट्रपतीला हीच असेंब्ली निवडते, पण कारभार पंतप्रधानाच्या हातात. शेवटचं अपील अजूनही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे ब्रिटनमधल्या न्यायमंडळाकडे जातं (हे ऐकून मुलं चक्रावतात). मुख्य बेटावर 20 मतदारसंघ आणि प्रत्येकातून तीन आमदार, म्हणजे 60. रॉड्रिग्ज बेटाचे दोन. एकूण 62. त्यावर जास्तीत जास्त आठ जागा 'बेस्ट लूजर' म्हणजे पडलेल्या उमेदवारांतून भरतात. त्यासाठी घटनेत चार समाज धरलेत: हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन आणि या तिन्हींत न बसणारे सगळे 'जनरल पॉप्युलेशन'.

आता अडलंय ते असं.

एक, आठ जागांचा हिशोब नक्की कसा मांडतात? पहिल्या चार आणि नंतरच्या चार यांत फरक काय? 2024 मध्ये आठ न भरता चारच का भरल्या?

दोन, एका मुलीने विचारलं, "मॅडम, तिकडचे मराठी कोणत्या समाजात मोजतात?" मी हिंदू म्हणून सांगितलं. बरोबर ना? मराठी म्हणून वेगळी जागा मिळू शकते का?

तीन, हे जनगणनेवर चालतं म्हणतात, पण जनगणना कोणत्या सालची?

फळ्यावर सोडवता येईल असं उदाहरण कुणी दिलं तर फार उपकार होतील. पुस्तकांत एका ओळीत उरकतात, आणि मला मुलांसमोर "असंच असतं" म्हणून पुढे जायचं नाहीये. छोट्या देशाने अल्पसंख्याकांना आवाज मिळावा म्हणून एवढी खटपट केली आहे, ती नीट समजून मगच बरी की वाईट ते ठरवायला हवं.

– सागरवेळ

प्रतिसाद: कोकणकडा

नोकरीनिमित्त काही वर्षं मॉरिशसच्या कात्र बोर्न शहरात होतो, त्यामुळे यात रस आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, ते सोपं आहे. तुमचं बरोबर आहे. घटनेच्या पहिल्या परिशिष्टात मराठी, तमिळ, तेलुगू असे वेगळे रकाने नाहीत. मराठी हिंदूंची गणना हिंदू समाजातच होते, मराठी म्हणून जागा नाही. पक्ष उमेदवारी देताना भाषा, जात सगळं बघतात, पण ते घटनेबाहेरचं.

मुलांना मतदानाची पद्धतही सांगा. मुख्य बेटावर प्रत्येकाला तीनच मतं द्यावी लागतात. दोन दिली की मतपत्रिका बाद, चार दिली तरी बाद. म्हणून प्रचारात कार्यकर्ते 'वोट ब्लॉक'चा धोशा लावतात, म्हणजे तिन्ही मतं एकाच आघाडीला. कुणी इकडचे दोन, तिकडचा एक अशी मिसळ केली की त्याला तिकडे कूप-त्रांसे म्हणतात. बहुतेक लोक ब्लॉक देतात, त्यामुळे एका मतदारसंघात तीनही जागा एकाच बाजूला जाणं नेहमीचं. त्यातूनच ते प्रसिद्ध 60-0 होतं, म्हणजे मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा एकाच बाजूला: 1982, 1995 आणि 2024.

प्रतिसाद: गणिताची_वही

फळ्यासाठी उदाहरण देतो. आकडे काल्पनिक आहेत.

समाज 'अ'ची लोकसंख्या 1,00,000, निवडून आले 4. समाज 'ब'ची लोकसंख्या 3,00,000, निवडून आले 19. नियम असा: ही जागा त्या समाजाला दिली असं धरायचं, म्हणून आमदारांच्या संख्येत 1 मिळवायचा आणि लोकसंख्येला त्याने भागायचं. ज्याचा भागाकार मोठा, तो समाज सर्वांत कमी प्रतिनिधित्वाचा.

अ: 1,00,000 ÷ 5 = 20,000. ब: 3,00,000 ÷ 20 = 15,000. पहिली जागा 'अ'ला.
आता 'अ'चे 5 झाले. 1,00,000 ÷ 6 = 16,667. अजून 'ब'पेक्षा जास्त, म्हणून दुसरीही 'अ'ला.
मग 1,00,000 ÷ 7 = 14,286. आता 'ब'चे 15,000 मोठे, तिसरी 'ब'ला.

समाज ठरला की त्या समाजातला, एखाद्या पक्षाचा, न निवडून आलेल्यांत सर्वांत जास्त टक्के मतं मिळवलेला उमेदवार घ्यायचा. अपक्षाला इथे जागा नाही. पहिल्या चार जागांना पक्ष कोणता याने फरक पडत नाही.

नंतरच्या चार जागा तोल सावरायला आहेत. पहिल्या चारपैकी जितक्या जागा इतर पक्षांकडे गेल्या, तितक्या शक्य तोवर विजयी पक्षाच्या योग्य समाजातल्या पडलेल्या उमेदवारांना द्यायच्या, म्हणजे जनतेने दिलेलं बहुमत या जागांमुळे हलू नये. 2024 चं कोडं इथेच सुटतं. विजयी आघाडीचे साठच्या साठ निवडून आले, तर पडलेला उमेदवार आणायचा कुठून? म्हणून चारवरच थांबलं.

प्रतिसाद: कोकणकडा

तिसऱ्या प्रश्नावर थोडं सविस्तर, कारण खरी दुखरी नस ती आहे. जनगणना 1972 ची. त्यानंतरच्या जनगणनेत समाज विचारणंच बंद झालं. म्हणजे लोकसंख्या बदलली, मिश्र कुटुंबं वाढली, तरी भागाकार मात्र त्या जुन्या आकड्यांचाच.

उमेदवारी अर्जात कोणत्या समाजाचे ते लिहावंच लागतं, नाही तर अर्ज बाद. रेझिस्तांस एक आल्तेर्नातिव या पक्षाच्या लोकांनी याला आव्हान दिलं. प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत गेलं. 2012 मध्ये समितीने म्हटलं की ताजे आकडे नसताना अशी सक्ती मनमानी ठरते. मग 2014 च्या निवडणुकीपुरता कायदा करून समाज न लिहिण्याची मुभा दिली. ती तेवढ्यापुरतीच राहिली, 2019 ला सक्ती परत आली.

तरी मी ही पद्धत सरसकट वाईट म्हणणार नाही. स्वातंत्र्याआधी 1967 च्या निवडणुकीत सुमारे 44 टक्के मतं स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या बाजूला पडली होती, आणि त्यात बहुसंख्य हिंदूंच्या हाती सगळं जाईल ही भीती मोठी होती. निवडणूक पद्धतीसाठी नेमलेल्या 1966 च्या बॅनवेल आयोगाच्या काळात ही तरतूद आली ती त्या भीतीवर इलाज म्हणून. भीती खरी होती आणि इलाजाने काम केलं. माझा आक्षेप 1972 च्या आकड्यांना आहे.

प्रतिसाद: सागरवेळ

दोघांचेही मनापासून आभार. ते 1,00,000 ÷ 5 सोमवारीच वर्गात सोडवून घेते. मुलांना 'अ' आणि 'ब' समाजांचे उमेदवार करून चिठ्ठ्यांवर मतांची टक्केवारी देईन, आणि त्यांनीच निवडायचे.

एक पुरवणी प्रश्न. 2019 मध्ये विजयी आघाडीला 37-38 टक्के मतांवर 62 पैकी 38 जागा मिळाल्या. ही तफावत बेस्ट लूजरने भरून निघत नाही ना?

प्रतिसाद: गणिताची_वही

नाही. तो हिशोब समाजाचा आहे, पक्षाच्या मतांचा नाही. उलट नंतरच्या चार जागा विजयी पक्षाचं बहुमत जपतात. 2019 मध्ये त्या आघाडीला आणखी चार मिळून 42 झाल्या. मतांच्या प्रमाणात जागा देण्याच्या सुधारणेवर तिकडे बरीच वर्षं चर्चा आहे, पण घटना बदलायला असेंब्लीत तीन चतुर्थांश मतं लागतात. 2018 मध्ये सरकारने विधेयक मांडलं, तेव्हा तेवढं बळ जमलं नाही. वर्गात विचारा: 60-0 ने आलेल्या सरकारकडे तीन चतुर्थांश आहेत, पण ज्या पद्धतीने त्यांना निवडून दिलं ती ते का बदलतील?

रॉड्रिग्जही विसरू नका. त्या बेटाला 2002 पासून स्वतःची प्रादेशिक असेंब्ली आहे, तिचा प्रमुख चीफ कमिशनर. तिथल्या मतदाराला राष्ट्रीय निवडणुकीत तीन नाही, दोनच मतं असतात. मुलांच्या चिठ्ठ्यांत तो एक मतदारसंघ वेगळा ठेवा.