दिवसभर उभं राहून पायांची वाट लागलीये, काहीतरी सुचवा

जरीपदर:
नमस्कार मंडळी, इथं पहिल्यांदाच लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. मी पुण्यात लक्ष्मी रोडला साडीच्या दुकानात काउंटरला आहे, सहावं वर्ष चालू आहे. सकाळी साडेदहापासून रात्री साडेआठ-नऊ वाजेपर्यंत उभंच, मधे अर्धा तास जेवायला, तोही गर्दी नसली तर. वय ४१. आधी नुसतं थकायला व्हायचं पण या श्रावणापासून संध्याकाळी पाचच्या पुढे तळपाय असे ठणकतात की गिऱ्हाईक काय म्हणतंय ते कानात शिरत नाही, पोटऱ्या दगडासारख्या होतात आणि घरी येऊन पैंजण काढले की घोट्याभोवती त्यांचा वळ उठलेला असतो. पहाटे पोटरीत गोळे येतात ते वेगळेच. सकाळी पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसल्यासारखं होतं, भिंत धरून बाथरूमपर्यंत जाते, मग थोडं चालल्यावर कमी होतं.

काउंटरच्या आत चपला चालत नाहीत, अनवाणी फरशीवर उभं राहायचं. स्टूल आहे एक पण ते वरच्या थप्प्या काढायला, बसायला नाही. जरा टेकलं की कॅमेऱ्यात दिसतं आणि गल्ल्यावरून हाक येते. परवा एका बाईंनी पस्तीस-चाळीस साड्यांच्या घड्या मोडायला लावल्या आणि "जरा बघून येते हं" म्हणून निघून गेल्या, मला रडूच आलं, साड्यांचं नाही हो, आता परत उभं राहून सगळ्या घड्या घालायच्या याचं. घरी गेल्यावर पोळ्या पण उभ्यानंच. नोकरी सोडता येणार नाही, ते सोडून काय ते सांगा. दिवाळी तोंडावर आलीये.

कात्री_कंगवा:
ताई माझं सलून आहे, वीस वर्षं झाली उभं राहतोय, त्यामुळं तुमचं दुखणं न सांगता कळलं. पहिली गोष्ट त्या फरशीचं बघा. साड्यांचे खोके येतात ना, त्यांचे जाड पुठ्ठे दोन-तीन थर करून काउंटरच्या आत पायाखाली टाका, फुकटचं काम आहे आणि गिऱ्हाइकाला दिसत पण नाही. मी आधी पुठ्ठा वापरायचो, नंतर खुर्चीभोवती जाड रबरी मॅट टाकली, फरक पहिल्याच शनिवारी कळला (आमच्याकडं शनिवार-रविवार म्हणजे मरण).

दुसरं म्हणजे एक वीट किंवा लाकडी ठोकळा कपड्यात गुंडाळून ठेवायचा आणि त्यावर एकेक पाय आलटून पालटून टेकवायचा, दहा मिनिटं डावा, दहा मिनिटं उजवा. कमरेवरचा ताण लगेच उतरतो. आमचा कारागीर मला चिडवायचा की विठोबा झालाय आमचा मालक, म्हटलं विठोबा दोन्ही पाय विटेवर ठेवतो, मी एकच ठेवतो.

आणि चपला-बूट घ्यायला जाल तेव्हा संध्याकाळी कामावरून सुटल्यावर जा. पाय तेव्हा फुगलेला असतो, सकाळी बरोबर बसलेला बूट रात्री चावतोच.

नाईटड्यूटी:
मी स्टाफ नर्स, मुंबईत. बारा तासांची ड्यूटी, वर डोंबिवली लोकलला पण उभंच 😄

जरीपदर ताई, तुमच्यात मला दोन वेगवेगळी दुखणी दिसतायत, एकत्र करू नका. पोटऱ्या भरून येणं आणि घोट्यावर सूज हे रक्त खाली साचल्यामुळं. पायातलं रक्त वर चढवायला पोटरीचा स्नायू पंपासारखा चालतो, पाऊल उचललं की तो आवळतो आणि शिरेतलं रक्त वर ढकलतो, शिरांमधे झडपा असतात त्यामुळं ते परत खाली येत नाही. चालताना पंप चालू, एका जागी ठोंब्यासारखं उभं राहिलं की पंप बंद. म्हणून चालण्यापेक्षा नुसतं उभं राहणं जास्त वाईट. वर्षानुवर्षं असंच चाललं तर झडपा ढिल्या पडू शकतात आणि मग त्या निळ्या वेड्यावाकड्या नसा फुगतात, व्हेरिकोज व्हेन्स. तेव्हा गिऱ्हाईक पदर बघत असेल तेवढ्यात टाचा वर-खाली करा, वीस वेळा, काउंटरमागं कुणाला दिसतंय. थप्पी आणायला कुणी जायचं असेल तर तुम्ही जा.

सकाळच्या पहिल्या पावलाला टाच दुखणं हे मात्र तळपायाच्या पट्ट्याचं दुखणं वाटतंय, प्लांटर फॅसायटिस म्हणतात. टाचेपासून बोटांपर्यंत जो जाड पट्टा असतो तो रात्रभर आखडतो आणि सकाळी एकदम ताणला जातो. त्याला अनवाणी कडक फरशी म्हणजे विषच. पलंगावरून उतरायच्या आधी ओढणी किंवा टॉवेल पावलाला अडकवून पाऊल आपल्याकडं ओढा, अर्धा मिनिट धरा, तीन-चार वेळा, मग खाली पाय ठेवा. पाण्याची छोटी बाटली फ्रीझरमधे गोठवून टीव्ही बघताना तळपायाखाली फिरवा, वर पातळ फडकं गुंडाळा नाहीतर त्वचा भाजल्यासारखी होते. आणि घरात पण मऊ चप्पल घालाच, आई रागावली तरी.

रात्री झोपायच्या आधी पंधरा मिनिटं भिंतीला पाय लावून उताणं पडून राहायचं, पाय छातीच्या वर गेले पाहिजेत, एका उशीवर टेकवून काही होत नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा. दोन्ही पाय संध्याकाळी सुजतात आणि सकाळी उतरतात हे आपलं नेहमीचं. पण एकच पाय सुजला, पोटरी लाल-गरम झाली, दाबल्यावर कळ आली, तर चेपत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर. रक्ताची गाठ असू शकते. त्यात दम लागायला लागला किंवा छातीत दुखलं तर सरळ इमर्जन्सीला जायचं.

आबांचा_बाब्या:
कॅल्शियमची गोळी चालू करा आणि रात्री एक पेनकिलर. माझी मावशी दोन वर्षं तेच घेते, एकदम ठणठणीत.

नाईटड्यूटी:
@आबांचा_बाब्या दादा रोज पेनकिलर दोन वर्षं?? मावशींना एकदा किडनीच्या तपासण्या करून घ्यायला सांगा, खरंच. गोळ्यांची नावं इथं नको.

डबलबेल:
एसटीत कंडक्टर होतो, ३१ वर्षं सर्व्हिस करून रिटायर झालो. वरती ताईंनी पंपाचं लिहिलंय ते वाचून मला एका जुन्या कोड्याचं उत्तर मिळालं. घाटातनं गच्च भरलेली गाडी, तिकिटं फाडत मागं-पुढं करायचो तर पाय एवढे दुखायचे नाहीत, पण स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बदली म्हणून दिवसभर उभं केलं की रात्री पाय माझे राहायचे नाहीत. तेव्हा वाटायचं मनाचे खेळ असतील.

आमच्या मंडळींचा उपाय काशाच्या वाटीचा. तळपायाला गाईचं तूप नाहीतर खोबरेल लावायचं आणि वाटी पालथी धरून घासायची, दहा-पंधरा मिनिटं एक पाय. झोप अशी लागते की बस. तळपाय काळा होतो आणि सगळे म्हणतात उष्णता निघाली. आमच्या नातवानं, तो केमिस्ट्री शिकतोय, सांगितलं आजोबा ते काशातलं तांबं आणि तूप घासून काळं होतंय, उष्णता-बिष्णता काही नाही. असेना का. चेपल्यामुळं बरं वाटतंय हे तर खरं. फक्त वाटी कोण घासणार हा प्रश्न आहे, आमच्या घरी त्यावरून भांडणं झालेली आहेत.

गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवणं पण चांगलं, पण ज्यांना शुगर आहे त्यांनी पाणी कोपरानं बघावं, पायाला चटका कळत नाही. आमच्या डेपोतल्या एकाचा अंगठा त्यातच गेला.

जरीपदर:
बापरे एवढी उत्तरं, मनापासून आभार सगळ्यांचे. पुठ्ठे आजच टाकले, तिघींनी मिळून. टाचा वर-खाली पण चालू आहे, शेजारच्या काउंटरवाली म्हणते काय गरबा करतेस का. नाईटड्यूटी ताई, ते घट्ट मोजे मिळतात ते घेऊ का? मेडिकलवाला म्हणाला कुठलाही घ्या.

नाईटड्यूटी:
कुठलाही नाही ओ. घोट्याचा आणि पोटरीचा घेर टेपनं मोजून, गुडघ्याच्या खालपर्यंतचे घ्यायचे, तेही सकाळी सूज यायच्या आधी चढवायचे आणि रात्री काढायचे. वरची कड गुंडाळली गेली तर उलट तिथंच आवळतं. शुगर असेल, पायाला बधिरपणा असेल, चालताना पोटरी आखडून थांबावं लागत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. पुण्याच्या मे महिन्यात घालवत नाहीत हे पण आधीच सांगते.

कामगार_कट्टा:
सगळे पायांचंच बोलताय, जरा स्टुलाचं पण बोलूया. हे दुखणं तेलानं थोडीच जाणारे, बसायला मिळालं की अर्धं जाईल. केरळमधे कपड्यांच्या दुकानांतल्या बायकांनीच बसायच्या हक्कासाठी लढा दिला आणि २०१८ मधे तिथल्या दुकान कायद्यात बदल होऊन बसायची सोय देणं बंधनकारक झालं. तमिळनाडूनं २०२१ मधे तसाच बदल केला. १९४८ च्या जुन्या फॅक्टरी कायद्यात तर कलम ४४ होतंच, उभ्यानं काम करणाऱ्यांना कामात उसंत मिळाली की टेकायला सोय पाहिजे म्हणून, पण ते कारखान्यांना होतं, दुकानांना नाही. भांडायला जा असं म्हणत नाही, पण चौघी-पाचजणी मिळून विचारा. एकटीनं विचारलं की ती आळशी ठरते.

जरीपदर:
तीन आठवड्यांनी लिहितेय. डॉक्टरांकडे जाऊन आले, टाचेचं नाईटड्यूटी ताई म्हणाल्या तेच निघालं, व्यायाम दिलाय आणि अनवाणी उभं राहायचं नाही असं कागदावर लिहून दिलंय. तो कागद घेऊन आम्ही पाचजणी शेठकडे गेलो. चपलांचं म्हणाले नवीन कोऱ्या मऊ स्लीपर आणा, त्या फक्त आतच घालायच्या, बाहेर न्यायच्या नाहीत. स्टुलाचं विचारल्यावर जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले गिऱ्हाईक नसताना दुपारी दोन ते चार बसा, पण दोन स्टुलांवर पाळीपाळीनं. गोळे आता आठवड्यातनं एखाद्या वेळी येतात, टाच अजून आहेच पण भिंत धरावी लागत नाही.

रबरी मॅटचं पण विचारलं. म्हणाले केवढ्याला येते? मी म्हटलं शेठ, चार साड्यांच्या फॉल-पिकोएवढ्यात. बघू म्हणालेत दिवाळीनंतर.