मदत हवी आहे : सामाजिक तपासणी अहवालात मुलाचे म्हणणे कसे मांडावे?

नमस्कार. मी समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात शिकत असून माझे क्षेत्रकार्य बालकल्याण समितीसमोर (काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या समितीसमोर) येणाऱ्या मुलांसंबंधी आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ३६ नुसार सामाजिक तपासणी (मुलाच्या घरच्या व भोवतालच्या परिस्थितीची चौकशी) १५ दिवसांत पूर्ण करावी लागते. त्या अवधीत गृहभेट आणि शाळेतील चौकशी होते, पण मुलाचा विश्वास संपादन होतोच असे नाही. ऊसतोड कुटुंबातील एक मुलगी (ओळखीचा तपशील मुद्दाम देत नाही) "तळावर माझ्या भावाला कोण सांभाळतंय?" एवढेच विचारत राहिली आणि मला तिचा तो प्रश्नच सर्वांत महत्त्वाचा वाटला. असे उद्गार अहवालात जसेच्या तसे नोंदवावेत, की निरीक्षण म्हणून लिहावेत? तसेच, पर्यवेक्षकांसोबतच्या चर्चेची तयारी कशी करावी? अनुभवी कार्यकर्त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.