नागानोतल्या खेड्यात घर मिळतंय, पण ‘कुमी’त सामील व्हावं का?

मृदुला

नमस्कार मंडळी,

नवऱ्याची बदली नागानो प्रांतात, इना खोऱ्यातल्या एका कारखान्यात झाली आहे. आतापर्यंत आम्ही योकोहामात अकराव्या मजल्यावर राहत होतो. आता ‘आकिया बँक’मधून, म्हणजे नगरपालिकेकडच्या रिकाम्या घरांच्या यादीतून, एक जुनं घर भाड्याने मिळतंय. मागे भाजीपुरती जागा, समोर भातखाचरं, लांबवर डोंगर. मुलगा एप्रिलमध्ये दुसरीत जाईल. घर आम्हाला तिघांनाही मनापासून आवडलं आहे.

घर दाखवायला नगरपालिकेच्या बाईंबरोबर वस्तीचे ‘कुचो’, म्हणजे वस्तीप्रमुख, आले होते. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, फार अगत्याने बोलले. निघताना त्यांनी एक कागद हातात दिला. त्यात होतं, शेजारच्या घरांच्या ‘कुमी’त, म्हणजे गटात, सामील व्हाल का, वर्षाची वर्गणी इतकी, काही रविवारी सकाळी सगळ्यांनी मिळून कामं, आणि आळीपाळीने कुमीचं प्रमुखपद.

माझं जपानी बोलण्यापुरतं आहे. कांजी, म्हणजे चिनी अक्षरं, वाचताना दमछाक होते. नवऱ्याला मधूनमधून रात्रपाळी असते. शिवाय आम्ही मासेसुद्धा खात नाही, त्यामुळे सामुदायिक जेवणांची काळजी वाटते. सामील होणं सक्तीचं आहे का? नाही झालो तर मुलाला काही त्रास होईल का? आणि नेमकं काय काय करावं लागतं? जे खरोखर खेड्यात राहताहेत त्यांच्याकडून ऐकायचं आहे.

निखिल

कायद्याने सक्ती नाही. अशा रहिवासी संघटनेतून सदस्य स्वतःच्या इच्छेने बाहेर पडू शकतो, असा निकाल जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली दिलेला आहे. मी गिफू शहराच्या कडेला राहतो आणि सामील झालेलो नाही. कचरा कुठे ठेवायचा एवढाच प्रश्न आला, कारण कचऱ्याचे थांबे वस्तीच्या देखभालीखाली असतात. नगरपालिकेत जाऊन बोलल्यावर मार्ग निघाला. रात्रपाळी आणि लहान मूल असताना रविवार सांभाळा, असं मी सांगेन.

शरयू

मृदुला, आमची वस्ती इना खोऱ्यातच आहे, तेन्र्यू नदीच्या पूर्वेला, जपानमधल्याच ‘दक्षिण आल्प्स’ डोंगररांगेच्या बाजूच्या उतारावर. मुलं लहान असताना आलो आणि इथलेच झालो. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

निखिल सांगतात तो निकाल खरा आहे. पण तो खटला सैतामा प्रांतातल्या सरकारी वसाहतीच्या संघटनेचा होता. शहराच्या कडेला आणि डोंगरउतारावर राहण्यात फार फरक आहे. इथे तुझ्या दारासमोरून जो पाट वाहतो, तो वर ओढ्यापासून खाचरांपर्यंत वस्तीनेच राखलेला असतो. एप्रिलमध्ये पाणी सोडायच्या आधी एका सकाळी प्रत्येक घरातून एक माणूस पाटात उतरतो. हिवाळ्यात घसरलेले दगड, कुजलेली पानं, गाळ, सगळं ‘जोरेन’ नावाच्या लांब दांड्याच्या फावड्याने ओढून काढायचं. ते झालं नाही तर मे महिन्यात लावणीला पाणी पुरत नाही, आणि जूनच्या पावसात तुंबलेला पाट फुटून रस्त्यावर येतो. तुमची शेती नसली तरी ते पाणी तुमच्याच अंगणात शिरणार.

वर्गणीबद्दल. सभागृहाचं वीजबिल, रस्त्यावरचे काही दिवे, देवळाची डागडुजी, हे त्यातून चालतं. सभागृह आणि डोंगरावरचं जंगलही बऱ्याचदा वस्तीच्याच मालकीचं असतं. १९९१ साली कायद्यात बदल झाला, तेव्हापासून अशा संघटनांना मान्यता घेऊन जमीन स्वतःच्या नावावर ठेवता येते. त्याआधी ती चार-पाच गावकऱ्यांच्या नावावर असायची. ती माणसं गेली की ओसाका-टोकियोत पांगलेल्या वारसांच्या सह्या गोळा करता करता पुरेवाट व्हायची. काही वस्त्या नव्या घराकडून प्रवेशाचे वेगळे पैसे मागतात, त्याचं मूळ या सामाईक मालमत्तेत आहे. आमच्याकडे भाडेकरूंना ते माफ आहेत. तुझ्या कागदावर असतील तर कुचोंना सरळ विचार, कोणी वाईट वाटून घेत नाही.

आता गवत. सगळ्यात जास्त वेळ त्यात जातो आणि नव्या माणसाला त्याचं कारण कोणी सांगत नाही, म्हणून सांगते. बांधावरचं गवत वाढलं की त्यात ढेकण्या पोसतात आणि ओंबी भरायच्या वेळी भातावर जातात. त्यांनी रस शोषलेल्या दाण्यावर काळा डाग पडतो, तांदळाची प्रत उतरते आणि शेतकऱ्याला भाव कमी मिळतो. दुसरं कारण रानडुकरं. जंगल आणि शेत यांच्यामध्ये उघडी पट्टी असली तर ती पुढे यायला बिचकतात, गवत माजलं तर थेट कुंपणापर्यंत लपत येतात. म्हणून उन्हाळ्यात ठरलेल्या रविवारी, ऊन चढायच्या आत, सहाच्या सुमाराला काम सुरू होतं. ग्रास कटर तुझ्या हातात लगेच कोणी देणार नाही, द्यायलाही नको. चालू यंत्रापासून लांब राहायचं, मागून जाऊन खांद्याला हात लावायचा नाही, समोरून हात हलवून थांबवायचं. तू विळा आणि दाताळं घे. पूर्ण बाह्यांचे कपडे घाल, गवतात मामुशी हा विषारी साप असतो. आठ-साडेआठपर्यंत आटपतं. मग सगळे सभागृहाच्या पायरीवर बसून थंड चहा पितात. वस्तीतली निम्मी माहिती मला त्या पायरीवर मिळाली आहे, कोणाचा गुडघा दुखतो इथपासून कोणाची जमीन कसायला मिळेल इथपर्यंत.

कोणी आलं नाही तर? आमच्याकडे एका खाड्याचे २,००० येन भरायचे, पंचाहत्तरीपुढच्यांना माफ. रात्रपाळी असेल तर आधी कळवायचं. नवऱ्याऐवजी तू गेलीस तरी चालतं.

आणि यामागे एक गोष्ट आहे, ती मला फार जवळची वाटते. जपानमध्ये २०२३च्या पाहणीनुसार सुमारे ९० लाख घरं रिकामी आहेत. हा आकडा आमच्या कुमीत डोळ्यांनी दिसतो. नऊ घरं, त्यातल्या चार घरांत एकेकटी आजी. पूर्वी ज्या पाटात वीस माणसं उतरायची तिथे आता आठ उतरतात आणि पाटाची लांबी तेवढीच आहे. कुचोंनी कागद दिला तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर वर्गणीपेक्षा हा पाट असणार याची मला खात्री आहे. तुम्ही तिघं आलात तर वस्तीत शाळकरी मूल येईल, दोन धडधाकट माणसं येतील. त्याचं त्यांना किती वाटत असेल हे योकोहामातून लक्षात येत नाही.

रोजचं म्हणशील तर ‘काइरानबान’. एका पाटीला लावलेले कागद घरोघरी फिरतात. आरोग्य तपासणीची तारीख, रस्ता बंद, अस्वल दिसल्याची सूचना, शाळेचं पत्रक. वाचायचं, आपल्या घराच्या चौकोनात शिक्का मारायचा आणि एक-दोन दिवसांत पुढच्या घरी न्यायचं. कांजीची काळजी करू नकोस. फोनने फोटो काढून भाषांतर कर, आणि अडलं तर पाटी देताना शेजारच्या आजींना विचार. माझं वाचन असंच सुधारलं. तातडीच्या सूचना गावातल्या भोंग्यांवरून येतात. घरातून चुकलेल्या वृद्धांचं वर्णनही त्यावर सांगतात, ते कान देऊन ऐकायचं. कचऱ्याच्या पिशव्या ठरलेल्या असतात आणि आमच्याकडे त्यांवर नाव लिहावं लागतं. वर्गवारीचा तक्ता नगरपालिकेत मिळतो.

मुलाबद्दल निश्चिंत राहा. शेजारची मुलं गटाने चालत शाळेत जातात, दप्तराला अस्वलासाठी घंटी असते आणि चौकात कोणीतरी आजोबा झेंडा घेऊन उभे असतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत सकाळी साडेसहाला रेडिओवरच्या कवायतीसाठी मुलं सभागृहापुढे जमतात आणि हजेरीच्या कार्डावर शिक्का घेतात. ती कवायत १९२८ साली सुरू झाली, आमच्या समोरच्या आजींना अजून सगळी येते. जानेवारीत ‘दोंदोयाकी’ असते. मुलं घरोघरी जाऊन नववर्षाच्या पाइनच्या सजावटी गोळा करतात, शेतात मोठा ढीग रचून पेटवतात आणि फांद्यांना लावलेले तांदळाच्या पिठाचे गोळे त्या निखाऱ्यांवर भाजून खातात. गोळ्यांचा आकार रेशमाच्या कोषासारखा, कारण हे खोरं एके काळी रेशीमकिड्यांवर जगत होतं. हे सगळं मुख्यतः कुमी आणि मुलांच्या मंडळातर्फे होतं. बाहेरच्या मुलाला कोणी हाकलत नाही, पण बोलावणं काइरानबानवरून येतं आणि ती पाटी सदस्यांच्याच घरी फिरते.

जेवण. पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांग की मांस आणि मासे दोन्ही खात नाही, आणि ‘दाशी’ही चालत नाही. नुसतं ‘भाजी खातो’ म्हटलंस तर सुक्या माशाच्या पाण्यात शिजलेली भाजी प्रेमाने पुढे येईल. इना खोऱ्यात नाकतोडे सोया सॉस-साखरेत शिजवून खातात, गांधीलमाशीच्या अळ्याही. ते इथल्या लोकांचं आवडतं खाणं आहे, तेव्हा हसून, हात जोडून नको म्हणायचं आणि वाटी पुढे सरकवायची. तुमच्यासाठी ओयाकी आहेत, भोपळ्याचं, वांग्याचं सारण भरलेले पिठाचे गोळे. गोहेइमोची आहे, भाताच्या वड्यांना अक्रोड आणि मिसोचा (आंबवलेल्या सोयाबीनचा) लेप देऊन भाजतात, फार रुचकर. लेपात दाशी नाही ना, तेवढं विचार. मी दरवेळी काहीतरी करून नेते. मेथीची थालिपीठं तर आता मागून घेतात. मेथी मी परसातच लावते आणि उरलेली ‘मिचि नो एकि’च्या, म्हणजे हमरस्त्यावरच्या विश्रांतीथांब्याच्या, भाजी-कट्ट्यावर विकायला ठेवते. किंमत आपली आपण ठरवायची, चिकटपट्टी छापून लावायची, संध्याकाळी उरेल ते परत आणायचं.

तेव्हा माझं मत, सामील हो. जे जमणार नाही ते पहिल्याच दिवशी सांग.

अभय

मी निइगाता प्रांतात तोकामाचीजवळ असतो. शरयूताईंशी सहमत, पण सही करण्याआधी वर्षभराचं वेळापत्रक लेखी मागा. वस्ती-वस्तीत खूप फरक असतो. कुठे वर्षातून तीन कामं, कुठे महिन्याला एक.

‘शोबोदान’बद्दलही विचारून घ्या. हे गावातल्या लोकांचंच अग्निशमन पथक. देशभरातली त्यांची संख्या आता ८ लाखांच्या खाली आली आहे, त्यामुळे तरुण माणूस दिसला की विचारणा होते. काही नगरपालिका परदेशी नागरिकांनाही घेतात. पंप चालवण्याच्या स्पर्धेचा सराव कामाच्या आधी पहाटे किंवा नंतर रात्री असतो. रात्रपाळीच्या माणसाने ते घेऊ नये. कुमीत असूनही यात नसलं तरी चालतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आमच्याकडे बर्फ माणसापेक्षा उंच साचतो. छतावर एकट्याने कधीही चढू नये हा इथला पहिला धडा, दर हिवाळ्यात माणसं पडून दगावतात. मी पहिल्या वर्षी छतावर गेलो तेव्हा कमरेला दोर होता आणि त्याचं दुसरं टोक शेजाऱ्याने धरलेलं होतं. इनाला एवढा बर्फ नसतो, गारठा मात्र असतो.

मृदुला

शरयूताई, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. ढेकण्यांचं कारण ऐकून तो म्हणाला, मग गवत कापायला मीच जाणार. अभय, शोबोदानचं आधी कळलं ते बरं झालं. निखिल, तुमचेही आभार, कायदा माहीत असल्यामुळे आता मोकळेपणाने बोलता येईल. आम्ही सामील होतोय. मार्चच्या शेवटी सामान हलवू. गेल्यावर शेजाऱ्यांना भेटायचं तर काय न्यायचं? आणि कुमीप्रमुखपद पहिल्याच वर्षी गळ्यात पडेल का?

शरयू

अगं, किती बरं वाटलं वाचून!

समोरची तीन घरं, दोन्ही बाजूंची दोन, शिवाय कुमीप्रमुख आणि कुचो, इतक्यांकडे पहिल्या आठवड्यातच जा. शक्यतो सुट्टीच्या दिवशी सकाळी दहानंतर, तिघं मिळून. मुलाला नक्की ने. हातात ५०० ते १,००० येनची लहानशी भेट पुरे, छोटा टॉवेल किंवा मिठाईची डबी, वर कागदाच्या पट्टीवर तुमचं आडनाव काताकाना या जपानी लिपीत लिहिलेलं. महागडं नेऊ नकोस, त्यांना परतफेडीचं ओझं होतं.

प्रमुखपद घरांच्या क्रमाने फिरतं. नवीन घराला सहसा क्रमाच्या शेवटी घालतात, पण विचारून घे. तुझी पाळी येईल तेव्हा वर्गणी गोळा करणं, पाटी सुरू करणं, बैठकीला हजर राहणं एवढंच असतं, आणि आधीच्या वर्षीचा माणूस हाताशी असतो.

घर ताब्यात घेताना नळाच्या पाइपांना गोठू नये म्हणून गुंडाळलेली विजेची तापणारी पट्टी चालू आहे का ते बघ. मार्चच्या शेवटीसुद्धा पहाटे पारा शून्याखाली जातो. पाटसफाईची तारीख कुचोंना आत्ताच फोन करून विचार आणि गुडघ्यापर्यंतचे गमबूट इथल्या शेती-सामानाच्या दुकानातून घे. मुलाच्या मापाचेही मिळतात, तो काठावर उभा राहून टोपल्या द्यायला येईल.